हजारी

फॉर्ममध्ये तेविसावा प्रश्न असा आहे:
जन्मल्यावर बाळ रडले होते का?
होय / नाही / माहीत नाही.
तो विचारायला मी तुर्भ्याच्या
खाणीमागच्या वस्तीत चढून आले, चपला धुळीने पांढऱ्या.
यल्लव्वा विटकरच्या दारात कुणीतरी
हंडा पालथा घालून मला बसायला दिला.

"रडलं की," ती म्हणाली.
"मांजरावानी. एकदाच."

एकदा रडलं तरी होय.
होयवर खूण केली की ते जन्मलेलं धरतात,
मग मेलेलं.
नाही असतं, तर वेगळा फॉर्म, वेगळी बेरीज.

मागच्या महिन्यात ठाण्याला ट्रेनिंग होतं.
एसी बंद, समोसे गार,
पडद्यावर जगाचा नकाशा.
पाचाच्या आत जितकी मुलं जातात तितका रंग गडद.
काही देश काळपट लाल, हजारी शंभराच्या वर.
काही इतके फिके की पडद्यात विरून गेलेले,
हजारी दोन, हजारी तीन.
डॉक्टर ओगले म्हणाले, सव्वाशे वर्षांपूर्वी
हे फिके देशही गडदच होते.
नळाचं पाणी, साबण, लस, शिकलेली सुईण...
एकदम नाही गेला तो रंग, पुसत पुसत गेला.
मागून कुणीतरी विचारलं, सर, प्रवासभत्ता कधी?
सगळे हसले. मीही.

पण मला आई दिसत होती,
घणसोलीच्या ओट्यावर जवळा निवडताना.
पोरं किती, विचारलं की सांगायची,
"आठ. पाच र्‍हायली."
कायम दोन्ही आकडे.
उरलेले तीन तिने बेरजेतून कधी काढले नाहीत.
त्या फिक्या देशांतल्या म्हाताऱ्याही
बर्फातल्या कुठल्यातरी ओट्यावर
असेच दोन आकडे सांगत असतील, आपापल्या भाषेत.
त्यांच्या पणतींना दुसरा आकडा ठाऊकच नाही.
हेवा वाटला. खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी इथेच, तीन दारं पलीकडे,
साडेचौदाशे ग्रॅमची मुलगी.
काचेची पेटी एकही रिकामी नव्हती.
लांब कोलंबियात पेट्या पुरेनात तेव्हा
तिथल्या डॉक्टरांनी जे केलं, तेच आम्ही केलं:
उघड्या छातीवर बाळ, वरून साडी घट्ट.
आई झोपली की बाप बांधून घ्यायचा.
दिवसभर खडकात सुरुंगाची भोकं पाडणारा माणूस
रात्री श्वास मोजत बसायचा, हलायचा नाही.
आज ती समोर बसून माती खातेय.
"ए, थुंक!" मी ओरडले.
तिला काय माहीत कुठलं कोलंबिया.

यल्लव्वाकडे तेवढा वेळ नव्हता.
रात्री दोनला तिसरी रिक्षा थांबली, आधीच्या दोन नाही.
मग ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा होता,
सगळे सिग्नल हिरवे, ती सांगते,
जणू त्याचीही नोंद व्हायला हवी.
फॉर्मवर आहे: उशीर घरी / वाटेत / दवाखान्यात.
सिग्नलचा रकाना नाही.

उतरताना डोक्यात हजारी दोन.
फिकं म्हणजे रिकामं नव्हे.
त्या दोघांच्या दारात कोण जातं,
कशावर बसवतात तिला,
'मांजरावानी' ती कसं लिहिते?

माझ्या कागदावर 'बालकाचे नाव' यापुढे
दवाखान्यातूनच आलेलं, बेबी ऑफ यल्लव्वा.
बारसं झालं नव्हतं,
पण मनात दुर्गेश धरलं होतं, ती म्हणाली.
लिहा, असं नाही म्हणाली.
मी उतारावर थांबून, मांडीवर फाइल धरून,
समासात लिहिलं. फिकं नाही, दाबून.
खालच्या दोन पानांवरही उमटलं.

वजनकाटा परत खांद्यावर.
पुढचं घर: जुळी, नववा दिवस.