दोन खांबांच्या मधे

पहिल्या दिवशी मी एका खांबापासून
दुसऱ्या खांबापर्यंतही पोचले नाही.
मधे एक बाभूळ आहे,
तिला धरून उभी राहिले.
काट्यांचं भान नंतर आलं.

नहराचा रस्ता, मार्गशीर्ष, पहाटेचे सहा.
पऱ्हाटीवर धुकं, तुरीला फुलं,
आणि माझ्या पायात पोराचे पी.टी.चे बूट,
दोन बोटं मोठे.
म्हणून पुढे कोंबलेला मूठभर कापूस, सरकीसकट.
सरकी टोचते हे माहीत नव्हतं.
दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून
एकेक निवडून काढली,
तांदळातले खडे काढते तशी.

माझं काम तेच. शाळेत खिचडी शिजवते,
एकशे बारा पोरांची.
चव्वेचाळीस वर्षांत मी किती वेळा धावले
ते बोटांवर मोजता येईल:
दूध उतू जाताना,
गाय सुटली तेव्हा,
गंजी पेटली त्या रात्री, हातात पाण्याचा गुंड घेऊन,
आणि गेल्या महिन्यात दारव्ह्याच्या बसमागे.
कंडक्टरनं मला नीट पाहिलं
आणि घंटी दोनदा मारली.

बाईच्या धावण्याला कारण लागतं.
नामदेव ढोकांनी दुधाच्या कॅनांसकट गाडी थांबवली.
"काय झालं वं बाई? कोणाचं काही बरंवाईट?"
"काही... नाही..."
"मंग पयते काहून?"
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं,
असतं तरी ते द्यायला दम नव्हता.
आठ वाजेपर्यंत दारात चार बाया.
माहेरी कोण गेलं, ते विचारायला.
सगळ्यांना चहा केला.
साखर संपली.

गेडामांची दिशा पोलीस भरतीची तयारी करते,
आठशे मीटर, रोज चारदा.
तीनदा माझ्या बाजूनं गेली, चौथ्यांदा थांबली.
"मावशी, जीव तोडून नोका पयू.
एक खांब पया, दोन खांब चाला.
पयताना बोलता आलं पायजे.
नाही आलं, तं समजा जास्ती झालं."
"बोलू कोनाशी?"
"काहीबी बोला. पाढे म्हना."

पाढे मला तेरापर्यंतच येतात.
मला येतं ते म्हणाले:
तांदूळ अकरा किलो दोनशे,
मुगाची डाळ सव्वादोन,
तेल,
आणि तेलावर दम तुटला.
दोन खांब चालले. पुन्हा तांदूळ.

असं कितीतरी दिवस तेलाच्या पुढे गेले नाही.
एकदा गुडघा सुजला, नऊ दिवस घरी,
बूट खाटेखाली, मांजर त्यात झोपलेलं.
मला वाटलं, झालं, संपलं हे खूळ.
दहाव्या दिवशी मांजर उठवलं.
पुन्हा पहिल्या खांबापासून, पुन्हा नुसते तांदूळ,
लाज वाटली, पण पाहायला कोण होतं?
एक टिटवी. ती तर सगळ्यांवरच ओरडते.

संक्रांतीच्या आसपास हळद आली.
मग मीठ, अंदाजानं.
मग एका सकाळी जिरं तडतडलं
आणि माझा पाय थांबला नव्हता.

आता ढोक गाडी थांबवत नाहीत.
हॉर्न मारतात, विचारतात, "कितवा?"
"सातवा," मी म्हणते, पळता पळता, पूर्ण.
दिशा यवतमाळला गेली आहे, मैदानी चाचणीला.
जाताना म्हणाली, आता सलग पाहा मावशी.

अकरा खांब आहेत या रस्त्याला.
काल अकराव्याला हात लावला,
थंड होता, दवानं ओला.
तिथून तार वावरात वळते.
रस्ता मात्र सरळ पुढे जातो, खांबांविना,
कुठपर्यंत ते मी कधी पाहिलेलं नाही.
पुढे काय मोजायचं?
धुऱ्यावर मोहाची झाडं आहेत तशी,
पण ती एका रांगेत नाहीत.