तळटीप सात

केंकरे बाईंनी निबंध परत दिला
तेव्हा पानभर लाल शाई नव्हती.
फक्त सातव्या पानावर
पेन्सिलीची एक बारीक रेघ
आणि समासात दोन शब्द: हे कुणाचं?

वाक्य असं होतं:
बांध भरतीनं फुटत नाही. आधी कुर्ली आत शिरते,
मग पाणी नुसतं वाट विचारत येतं.

माझंच, मी म्हटलं.
बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.
तुझी बाकीची वाक्यंही मी वाचलीत, म्हणाल्या.

तशी सगळी यादी चोख होती.
आडनाव, स्वल्पविराम, साल,
ग्रंथाचं नाव तिरक्या अक्षरात, शेवटी पृष्ठ.
खाजन शेतीवरचे चार प्रबंध,
एक सरकारी अहवाल, त्याचं पहिलं पान वाळवीनं खाल्लेलं,
तिथे मी इमानानं लिहिलं होतं: प्रकाशक उपलब्ध नाही.
छापलेल्यांचा पैसा न् पैसा चुकता केला.
न छापलेल्याचे तेवढे
ठेवून घेतले.

रायबंदरहून फेरीनं चोडणला गेले.
इनास मानशीवर होता
(मानस: बांधातलं लाकडी दार, पाहा माझंच पान तीन),
ओहोटी लागली म्हणून फळ्या वर ओढत.
आतलं पाणी नदीत चाललं होतं,
त्याच्याबरोबर भाताची काडं, एक चप्पल.

तुमचं पूर्ण नाव काय?

मार्चपासून मी त्याच्या शेजारी बसत होते.
त्याच्या बाटलीतलं पाणी प्यायले होते,
त्याच्या कुत्र्याचं नाव मला ठाऊक होतं.
इनासियो सांतान कुलासो, तो म्हणाला
आणि हसला,
जणू दुसऱ्याच कुणाची ओळख करून देत होता.

तारीख? सांजांवच्या आदल्या दिवशी सांगितलंत ना?
असेल.
आणि पान, मी अर्धवट थट्टेत विचारलं.
त्यानं दाराच्या खांबाकडे बोट केलं:
एकावर एक चढलेल्या भरत्यांच्या रेघा,
सगळ्यात वरची खांद्याच्या उंचीला.
मी वहीत काही लिहिलं नाही.

मग फळी अडकवता अडकवता म्हणाला,
पूण तें म्हजें न्हय गो.
ते फोंडूचं. त्याच्याआधी मानस फोंडू बघायचा.
आणि फोंडूला सांगितलं होतं
दिवाडीच्या एका बाईनं, बांधाच्या भोकांत हात घालून
कुर्ल्या धरायची.
तिचं नाव?
खबर ना.

कोपरापर्यंत चिखलात हात,
आणि बोटांना कळलेलं की बांध आतून पोकळ होत चाललाय.
तिनं ते कुणाला तरी सांगितलं असणार
संध्याकाळी, टोपली उतरवताना,
आणि ऐकणाऱ्यानं मान हलवली असणार.

आमच्या संदर्भपुस्तिकेत
दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्याची सोय आहे.
तिसऱ्याची नाही.

परतीच्या फेरीत निबंध उघडला.
वाऱ्यानं पान फडफडत होतं, गुडघ्यानं दाबून धरलं.
तेव्हा दिसलं, पेन्सिलीची रेघ
वाक्याच्या शेवटापर्यंत गेलेलीच नव्हती.
"शिरते" या शब्दाखाली थांबली होती.
पुढचं कुणाचं
हे बाईंनी विचारलंच नव्हतं.

रात्री बसून यादी पुन्हा लिहिली.

७. इनासियो सांतान कुलासो, मानशीचे राखणदार, चोडण. तोंडी,
सांजांवच्या आदल्या दिवशी, ओहोटी लागताना.
त्यांनी ऐकलं फोंडू वळवईकर यांच्याकडून (हयात नाहीत).
त्यांनी, दिवाडीच्या कुर्ल्या धरणाऱ्या एका बाईंकडून.
नाव मिळालेलं नाही, शोध चालू आहे.
मूळ कोंकणी, भाषांतर माझं.
"नुसतं वाट विचारत" हे शब्दही माझेच.
ते काढले तरी
वाक्याचं काही बिघडत नाही.