रिकामा दगड

मंदा म्हणाली, रात्री तुम्ही गिरणी घरी आणता.
मी हसलो.
मग तिने मोबाईलवर ऐकवलं:
पंख्याची घरघर, लांब कुत्रं,
आणि मधेच कर्र, कर्र,
टाकी न लावलेल्या दगडासारखं.
म्हटलं, हा कोण?
म्हणाली, हा तुम्ही.

लहानपणी झोपेत दात खायचो
तर आई म्हणायची जंत झालेत,
नाक दाबून वावडिंगाचं पाणी पाजायची.
बावन्नाव्या वर्षी कुठले जंत?

कोपरखैरण्यात आतल्या रस्त्याला माझा गाळा.
बापाने मार्केटात पाठीवर गोणी वाहून घेतलेला.
धाकटा म्हणतो, त्यात अर्धा माझा.
समोर सत्तावीस मजल्यांचा टॉवर झालाय,
त्यांचं दर महिन्याला पत्र येतं, इंग्रजीत:
आवाज, धूळ, आवाज.
मी म्हणतो, हो साहेब.
त्यांच्याच गेटातून स्कूटरवर बसून
तयार पिठाच्या पिशव्या आत जातात दहा मिनिटांत.
बघतो. बोलत नाही.
कुणी म्हणतं ज्वारी जाड आली,
म्हणतो, आणा, परत दळतो.

सकाळी कानशिलं ठणकत उठायचं.
जांभई दिली की कानापाशी कटकट.
कानाच्या डॉक्टरने बॅटरी मारून बघितलं,
कान स्वच्छ आहे म्हणाला, आणि पाचशे घेतले.

दाताची डॉक्टर श्लेषा पागधरे,
माझ्या पोरीएवढी.
तिने आरसा धरला. माझ्या दाढा
सपाट, गुळगुळीत,
वर्षानुवर्षं पाय पडून झिजलेल्या उंबऱ्यासारख्या.
उपटायच्या का, विचारलं.
नको, कीड नाही.
काका, तुम्ही दिवसासुद्धा आवळता.
आत्तासुद्धा.
गालावर हात ठेवला तर आत
सुपारीएवढी गाठ उभी होती.
जेवताना लागतील तेवढे लागू देत, म्हणाली,
एरवी दातांनी एकमेकांना शिवायचं नाही.
तुमचे तर मधे दाणा नसताना घासतायत.

खुर्चीतच उठून बसलो.
तीस वर्षं हाताखालच्या पोरांना
दुसरं काय सांगतोय मी?
दाणा संपला की दगड उचल.
रिकामी फिरली तर
दगड दगडाला खातो,
आणि पुढच्या माणसाच्या पिठात कच जाते.

गुलाबी लगदा तोंडात भरून तिने माप घेतलं.
आठवड्याने पट्टी आली, काचेसारखी.
आधीच सांगितलं तिने:
हिच्याने सवय जाणार नाही, दात वाचतील.
सवयीकडे तुम्हालाच बघावं लागेल.
ओठ मिटलेले, दात सुटे,
जीभ वरच्या दातांमागे नुसती टेकलेली.
रात्री गालाला गरम फडकं.
पाचनंतर चहा बंद.
(हे शेवटचं सगळ्यात कठीण गेलं.)

दिवसा आठवण कशी राहायची?
मंदाने तिच्या पाकिटातल्या लाल टिकल्या काढल्या,
एक मोटारीच्या बटणाला, एक तराजूला,
एक गल्ल्याच्या आत, नोटांच्या वर.
दिसली की जबडा सोडायचा.
गिऱ्हाइकं विचारतात, कसलं व्रत?
म्हणतो, दातांचं.

या महिन्याचं पत्र घेऊन सेक्रेटरी स्वतः आला.
तराजूवरची टिकली दिसली. सोडला.
म्हटलं, साहेब, नऊ ते एक, पाच ते आठ.
त्या वेळेत गिरणी चालणार.
आवाज कापला माझा, पण बाहेर आला.
तो काही बोलला नाही. पत्र ठेवून गेला.

त्या रात्रीसुद्धा खाल्ले मी दात.
सकाळी मंदाने पट्टीवरून नख फिरवलं,
दोन नव्या रेघा.
मागच्या खेपेला पाच होत्या, म्हणाली,
आणि ब्रशने धुऊन डबीत ठेवली.

दुपारी टाकीवाला आला. छिन्नी हातोडी घेऊन
खालच्या दगडावर बसला,
झिजलेल्या जागी ठक ठक नवी खरड काढत.
मी बघत राहिलो.
दाढेला टाकी लावता येत नाही.
उरल्यात तेवढ्यावर दळायचं,
आणि दळून झालं की
उचलायचा.