नंबर नसलेली वायर

बीट अजून शेतात आहे.
दहा दिवसांनी पहिला ट्रक वजनकाट्यावर येईल,
तोवर ह्या लोखंडी कपाटाला विचार करता आला पाहिजे.

ड्राहोमिरा म्हणते, आधी वीज बंद.
मग कुलूप. किल्ली तुझ्या खिशात,
मी विसरभोळी आहे.
खोटं. तिला तीस वर्षांपूर्वी उडालेला फ्यूजसुद्धा आठवतो.

जुने रिले काल उपटले, तीनशे बारा.
चाळीस हंगाम ते टकटकत होते:
पंप चालू, पंप बंद, चुना सोड, थांब.
रात्रपाळीची माणसं म्हणे त्या आवाजावरून ओळखत
कारखान्याचं आज कुठे दुखतंय.
नवे मोड्यूल मुके.
पट्टीवर तिरके टेकवायचे, खाली दाबायचे,
कट्ट.
एवढाच त्यांचा जन्मभराचा आवाज.

आधी पॉवर सप्लाय, मग प्रोसेसर,
मग इनपुट, मग आउटपुट, आणि
शेजार बघून लाव, ती म्हणते,
मोटरच्या केबलला खेटून तापमानाची वायर झोपवलीस
तर तापमान रात्रभर बरळत बसेल.

आठ मिलिमीटर सोल. नऊ नको.
तांबं बाहेर डोकावलं तर आपल्याला लाज वाटली पाहिजे.
टोकाला टोपी, टोपीला चिमटा,
स्क्रू आवळ, मग ओढून बघ.
ओढून बघितल्याशिवाय तिचा कशावर विश्वास नाही.
लग्नसुद्धा तिने एकदा ओढून पाहिलं होतं,
ते हातात आलं.

शील्डचं एकच टोक अर्थिंगला.
दोन डगरींवर पाय ठेवलेली शील्ड
नुसती गुणगुणते, कामाचं काही सांगत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी
पाव, चरबी, कच्चा कांदा खाऊन झाल्यावर
सगळ्या वायरींना नंबर मिळाले होते
आणि एक उरली.
राखाडी. नकाशात नाही.
कुणीतरी घाईत ओढलेली,
जोडावर कापडी पट्टीचे तीन वेढे.
कापू या, मी म्हणालो.
तिने माझ्या हातातली पकड काढून घेतली.

मग आम्ही तिच्या मागे मागे गेलो.
केबलच्या शिडीवरून, चुनाभट्टीच्या पाठीमागून,
एका पाइपाला सुतळीने बांधलेली,
पार डिफ्युजरच्या तळाशी.
तिथे भिंतीवर एक बटण. लाल रंग विटलेला.
जमिनीपासून जेमतेम वीतभर.

इतक्या खाली कोण बटण बसवतं?

पडलेल्या माणसासाठी, ड्राहोमिरा म्हणाली.

काट्यावरच्या म्हाताऱ्या कुबातला विचारलं.
तो आधी आपली टोपी शोधत राहिला.
लिबोर, म्हणाला. उकळता रस पायांवर आला.
बटण होतं की, छातीच्या उंचीवर होतं.
साहेबांनी कागदावर 'निष्काळजीपणा' लिहिलं.
तिसऱ्या रात्री आम्ही तिघांनी हे बसवलं.
विचारलं नाही कुणाला.

परत आलो.
कार्डावरचा सोळावा इनपुट रिकामा होता,
मी वायर तिथे न्यायला लागलो.
नाही, ती म्हणाली,
ही प्रोग्रामची परवानगी मागत बसणार नाही.
हिला थेट सेफ्टी रिलेवर ने.
सोळाव्याला फक्त कळव,
की झालं.

बटण नवं घातलं, वायर नवी. उंची तीच.
नंबर दिला चारशे सतरा.
नकाशात लाल पेनाने एक रेघ वाढली.
नाव कुठेच लिहिलं नाही.

शनिवारी वीज दिली.
दिवे लाल, मग पिवळे, मग एक एक हिरवा,
आणि पाण्यावर चाचणीला सोडलेले सगळे पंप
एका सुरात घुमायला लागले.
ड्राहोमिरा तळाशी गेली.
बासष्ट वर्षं, गुडघ्यांची बोंब,
ती ओल्या काँक्रीटवर चक्क आडवी झाली,
गाल जमिनीला टेकवला,
आणि न बघता हात लांबवला.

ठक्क.

एवढी शांतता मी ह्या कारखान्यात ऐकली नव्हती.
वर कुठेतरी पाइपातून पाणी ठिबकत होतं.

पोचतो हात, ती खालून म्हणाली.
आता उठव मला.