काळाची चूक

इंदिरानगरच्या सलूनमधल्या तक्त्यावर
मोहॉक आहे तिसऱ्या ओळीत.
एकशे ऐंशी रुपये. दाढी वेगळी.

सभागृहात पुढच्या रांगेतली पोरं
तेवढ्यावरच आली असावीत.
बाई समोर आल्या तर करडी वेणी,
दोरीला अडकवलेला चष्मा, पायात लोकरी मोजे.
पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

संयोजकांनी पासपोर्टवरचं नाव वाचलं.
बाईंनी माइक ओढून आपलं सांगितलं :
कात्सीत्सेनहावी. फुलं घेऊन चाललेली.
मी दोनदा अडखळले, मग जमलं.

मी दुभाषी, पंधराशे रुपयांत ठरलेली,
पेठ तालुक्यातली.
गुरुजींनी हजेरीपटावर ‘विद्या’ लिहिलं तेव्हापासून
बुधी म्हणून मला
घरातसुद्धा कुणी हाक मारली नाही.
हे मी भाषांतरात घेतलं नाही.

त्या म्हणाल्या, मोहॉक हे नाव दुसऱ्यांनी दिलेलं.
आम्ही गारगोटीच्या जागेची माणसं.
बोलण्याआधी आभार मानतो, ही रीत.
आणि सुरू झाल्या : माणसांचे, मातीचे, पाण्याचे,
पाण्यातल्या माशांचे,
वनस्पतींचे, पिकांचे, औषधी पाल्याचे,
मी मागे मागे, धापा टाकत.
पाणी म्हणताना मला रामकुंडाची शेवाळलेली पायरी दिसली,
मासे म्हणताना वळवणीचे,
भाताच्या खाचरात ओंजळीत सापडणारे.
चार दिशांच्या वाऱ्यांपर्यंत पोचेतो
संयोजकांनी घड्याळावर दोनदा टिचकी मारली होती.

मग पिशवीतून पट्टा काढला.
खरा कुठल्याशा कपाटात कुलूपबंद, ही नक्कल :
पांढरे मणी, मधून जांभळ्या दोन ओळी.
दोन नावा. एकाच नदीत, शेजारी शेजारी.
एकीनं दुसरीचं सुकाणू धरायचं नाही, एवढाच करार.
“पाळला का?” मागून कुणीतरी विचारलं.
त्या हसल्या.
त्याला माझी गरज लागली नाही.

मका, घेवडा, भोपळा. तीन बहिणी,
एकाच आळ्यात.
मी माइकवर म्हटलं,
“हे लोक ही तीन पिकं एकत्र लावत असत.”

चहाचे कप गोळा करणारी देवलीबाई थांबली.
हरसूलची. ट्रे हातात तसाच.
“लावत असत, का लावत्यात?”

सभागृह हसलं.
मी बाईंकडे पाहिलं.
त्यांच्या तोंडचं क्रियापद साधं होतं,
रोजच्या वापरातलं, हाताला माती लागलेलं.
माझ्या जिभेवर येईतो ते मेलं कसं?

चौथीच्या पुस्तकात आमच्यावर एक पान होतं.
हे लोक नाचणी खात असत.
हे लोक डोंगराला देव मानत असत.
पाठ करून मी दहापैकी दहा मिळवले.
त्या दिवशी डब्यात नागलीची भाकरी होती.

“लावतात,” मी म्हटलं.
“काळाची चूक झाली. माझी. लावतात.”
देवलीबाई पुढच्या रांगेतले कप उचलू लागली.

समारोपाला अध्यक्ष उठले.
“लोप पावत चाललेल्या एका थोर संस्कृतीचं
दर्शन आज नाशिककरांना घडलं...”
बाई माझ्या कानाशी झुकल्या : काय म्हणतात?
म्हणतात, तुम्ही आहात.
इतकं लांब?
हो. पण मुद्दा तेवढाच.

शाल, श्रीफळ, द्राक्षांची पेटी.
नारळ कुठून फोडायचा, हे त्यांनी मला
जिन्यात विचारलं. मी तीन डोळे दाखवले.

पेठ नाक्यावरची जीप
भरल्याशिवाय निघत नाही.
अजून चार माणसं कमी होती.
थंडीत उभ्या उभ्या आईला फोन लावला.
कोण?
बुधी.
पलीकडे जरा वेळ नुसता रातकिडा.
मग, “जेवलीस का?”