सायकलचं साल

गंगावेशीत दस्तगीर शिकलगारनं
सायकल उलटी टांगली,
पेडलच्या आसाखाली रंग खरवडला:
हिरवा, मग काळा, मग परत हिरवा,
मग आकडे. शेवटचे दोन गंजानं खाल्लेले.

मी म्हटलं, मागच्या हबवर बावन्न आहे.
"हब काय, कुणीबी बदलतंय."
नगरपालिकेच्या बिल्ल्याच्या जागी नुसती दोन भोकं.

रॉकेलच्या बोळ्यानं सांधे पुसताना
चिमट्यापाशी त्याचा अंगठा थांबला.
पितळेची झाळ, जरा तिरकी.

"सायकल कवाची, ठाऊक न्हाई.
मोडली कवा, ते सांगतो.
अब्बाचा उजवा डोळा गेला, त्याच्या फुडं.
तवा बत्ती मी धरायचो.
चौथीत हुतो. हात हालायचा."

आणि परत तिथंच
बोळा फिरवत राहिला.