उधारीची वही

बास्केटबॉलच्या कोर्टावर सभा भरली.
बारांगायचे कप्तान दिओस्कोरो खुर्चीत,
वर लोखंडी कडं, जाळी केव्हाच गेलेली.

खजिनदार वाचत होता :
समुद्राकडची भिंत, दोनशे दहा मीटर,
मजूर चौदा, दिवस चौऱ्याण्णव.
टाळ्या वाजल्या. वाजवायच्या असतात.

भिंत आम्ही रोज पाहतो.
चाळीस पावलं चाललं की संपते,
पुढे खेकड्यांची बिळं.
फलक मात्र धडधाकट :
रक्कम, तारीख, कप्तानांचा हसरा चेहरा.
गेल्या वादळात माझी चूल वाहून गेली,
तो चेहरा नाही गेला.

तेव्हा कोन्सेहो उठली.
टपरी तिची. लोक तिला वचकून असतात,
कारण ती विसरत नाही.
हातात अर्ज नव्हता, कायद्याचं कलम नव्हतं,
उधारीची वही होती,
तेलकट, जाळ्याच्या दोऱ्यानं बांधलेली.

"मजूर माझ्याकडूनच घ्यायचे," ती म्हणाली.
"तीन मे, सार्डिनचे डबे सात, सुट्या सिगारेटी वीस.
चार मे, नूडल्स, मीठ, डोकेदुखीची एक गोळी.
असं करत करत तेरा मे.
चौदाला पान कोरं.
पंधरालाही.
कप्तान, माणसं चौऱ्याण्णव दिवस राबली,
तर त्र्याऐंशी दिवस जेवली कुठे?"

हसू फुटलं, मग विरलं.
खजिनदारानं मस्टर पुढे सरकवलं :
"सह्या आहेत ना. वाच तूच."
तिनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
नवव्या ओळीशी बोट अडलं.
बेनिग्नो. पाठचा भाऊ.
चौऱ्याण्णव दिवसांसमोर
निळा, ठसठशीत अंगठा.

मागच्या बाकावर बेनिग्नो
आपलाच हात मांडीखाली घेऊन बसला.

ती बराच वेळ बोलली नाही.
मग सेक्रेटरीच्या कानावरची पेन्सिल मागितली,
चौदा मेचं कोरं पान उघडलं,
भावाचं नाव लिहिलं, पुढे त्र्याऐंशी.
"हे येणं आहे," म्हणाली,
"माझ्या घरातूनसुद्धा.
आता उरलेले तेरा सांगा. मग कप्तानांचं पान काढू."

कप्तान उठायला लागले.
कोणी अडवलं नाही,
कोणी पाय आवरून वाटही दिली नाही.

भरतीची वेळ झालेली.
नसलेल्या भिंतीवरून पाणी
कोर्टाच्या पांढऱ्या रेघेपर्यंत आलं.
आम्ही चपला हातात घेतल्या
आणि बसून राहिलो.